ऐकू न येणाऱ्याचा हिशोब

सप्टेंबर १९९८ मध्ये जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेची पत्रं काही हौशी प्रोग्रामरांच्या हाती पडली. मजकूर सभ्य आणि कायदेशीर होता. तुम्ही एमपीथ्री एन्कोडर वाटता किंवा विकता, त्यातल्या तंत्रावर आमची पेटंटं आहेत, तेव्हा परवाना घ्या. फुकट वाटायच्या कार्यक्रमासाठी परवान्याचे पैसे आणणार कुठून? काहींनी आपलं काम तिथल्या तिथे गुंडाळलं. '८हर्ट्झ-एमपी३' नावाचा एक फुकट एन्कोडर तेव्हा बऱ्यापैकी वापरात होता, तोही थांबला.

त्याच वर्षाच्या मध्यावर माइक चेंग नावाच्या प्रोग्रामरने या ८हर्ट्झच्या कोडवर काही दुरुस्त्या केल्या होत्या. हेतू साधा होता: तो जरा वेगाने चालावा. या दुरुस्त्यांच्या गाठोड्याला त्याने 'लेम' असं नाव दिलं. 'लेम एन्ट ॲन एमपीथ्री एन्कोडर' या वाक्याची ती आद्याक्षरं. म्हणजे 'लेम हा एमपीथ्री एन्कोडर नव्हेच'. प्रोग्रामरांच्या जगात असली नावं ठेवायची जुनी खोड आहे, पण इथे विनोदामागे थोडी खबरदारीही होती. लेम तेव्हा खरोखरच स्वतःहून चालणारा एन्कोडर नव्हता. मूळ कोड तुम्ही दुसरीकडून आणायचा आणि त्यावर या दुरुस्त्या चढवायच्या. पुढे हाच लेम जगातल्या सर्वांत चांगल्या एमपीथ्री एन्कोडरांत गणला गेला. वेग वाढवायला निघालेला एक हलकाफुलका उद्योग आवाजाच्या दर्जाकडे कसा वळला, हे समजायला आधी त्या पत्रांच्या उगमाकडे, एर्लांगेनला, जायला हवं.

एर्लांगेन-न्यूरेंबर्ग विद्यापीठातल्या डीटर झाइट्सर या प्राध्यापकांच्या डोक्यात टेलिफोनच्या डिजिटल तारेवरून संगीत पाठवायची कल्पना होती. पेटंट तपासनिसाने ती अशक्य ठरवली. मग झाइट्सरनी कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग या विद्यार्थ्याला या अशक्याचा छडा लावायला बसवलं. सीडीवरचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि असे दोन चॅनेल. एकूण सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. आयएसडीएनच्या, म्हणजे त्या डिजिटल टेलिफोनच्या, तारेतून जायचे दोन चॅनेल मिळून १२८. म्हणजे अकरातले दहा भाग टाकायचे आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही.

ब्रांडेनबुर्ग आणि फ्राउनहोफरमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी कानाच्या उणिवांचा आधार घेतला. एखादा मोठा स्वर वाजत असला की त्याच्या शेजारच्या कंप्रतेचा बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. ढोलावर टिपरू पडल्यानंतर क्षणभर कान बधिर असतो, आणि नवल म्हणजे पडण्याच्या आधीचे काही मिलिसेकंदही तो बारीकसारीक आवाज गाळतो. याला मास्किंग म्हणतात. म्युनिकच्या एबरहार्ड त्स्विकर यांच्यासारख्यांनी या विषयाची मोजमापं आधीच करून ठेवली होती. एमपीथ्री त्यावर उभं राहिलं. आवाजाचे लहान तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यातल्या कंप्रता वेगळ्या काढायच्या आणि त्यांचे आकडे ठोकळ करून लिहायचे. आकडा जितका ठोकळ तितके बिट कमी, पण तितकी चूकही जास्त. ही चूक कानाला खरखर म्हणून ऐकू येते. सगळी कला ही खरखर कुठे दडवायची यात आहे. खरखर नाहीशी होत नाही, तिला मोठ्या आवाजाच्या आडोशाला बसवायचं असतं.

आडोसा नसला की काय होतं, ते सुझान व्हेगाच्या 'टॉम्स डायनर'ने दाखवलं. १९८७ च्या अल्बममधलं हे गाणं नुसत्या गळ्यावर आहे, मागे वाद्य नाही. हाय-फाय मंडळी त्यावर स्पीकर पारखतात असं ब्रांडेनबुर्गनी एका मासिकात वाचलं आणि ते आपल्या यंत्रणेतून काढून पाहिलं. बाकीचं संगीत ठीक वाजवणाऱ्या यंत्रणेने या बाईच्या आवाजाचा पार चोथा केला. मग तेच गाणं शेकडो वेळा ऐकून सुधारणा झाल्या. ही गोष्ट आता इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिचा किस्सा होऊन बसला. त्यातला कामाचा भाग मात्र मागे पडतो. तो असा की सूत्रं तयार होती, आकडे जुळत होते, आणि तरी चूक कानाने पकडली.

१९९० मध्ये स्टॉकहोमला स्वीडिश रेडिओने स्पर्धक पद्धतींच्या श्रवणचाचण्या घेतल्या. पुढची दोन वर्षं समित्यांमध्ये तडजोडी झाल्या आणि एमपेग-१ चं ध्वनिमानक १९९२ मध्ये पक्कं झालं. त्याचे तीन थर होते. तिसऱ्या थराला पुढे, जुलै १९९५ मध्ये, फाइलीच्या नावाचं शेपूट मिळालं: '.एमपी३'.

या मानकात एक शहाणपणाची गोष्ट होती, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या कथेचं मूळ तिच्यात आहे. मानकाने फाइल कशी वाचायची, एवढंच बांधून दिलं. डिकोडर काय करील हे काटेकोर ठरलेलं होतं. एन्कोडरने मात्र काय ठेवावं आणि काय टाकावं, हे मोकळं सोडलं. नियमात बसणारी फाइल बाहेर पडली की झालं. त्यामुळे १९९५ चा प्लेअर तसाच राहून २००५ ची फाइल त्यावर जास्त चांगली वाजू शकत होती. ऐकणाऱ्याला काहीच बदलावं लागत नव्हतं. सुधारणेची सगळी जागा एका बाजूला, लिहिणाऱ्या कोडमध्ये, होती.

ती जागा भरायला मानकासोबत एक नमुना कोडही दिला होता. प्रोग्रामरांमध्ये तो 'डिस्ट१०' म्हणून ओळखला जाई. तो पद्धत समजावून सांगण्यासाठी लिहिलेला होता, वापरण्यासाठी नव्हे. तो संथ होता आणि त्यात चुकाही होत्या. फ्राउनहोफरचा स्वतःचा एन्कोडर वेगळा, त्यातलं खरं कसब त्यांनी घरातच ठेवलेलं. बाहेरच्या हौशी लोकांच्या हाती आला तो डिस्ट१०. ८हर्ट्झ त्यातून निघाला, स्वीडनच्या टॉर्ड यान्सनचा 'ब्लेडएन्क'ही त्यातूनच निघाला. २५६ किलोबिटला ब्लेडएन्क बरा वाटायचा, कारण एवढे बिट असले की चुका आपोआप झाकल्या जातात. १२८ ला तो उघडा पडायचा. दुसऱ्या टोकाला 'झिंग' नावाचा विकाऊ एन्कोडर होता. त्याचा वेग डोळे दिपवणारा. तो वेग यायचा कारण सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये त्याने अवघड कामं सरळ गाळली होती. १६ किलोहर्ट्झच्या वरचं काही ठेवायचं नाही आणि आकस्मिक ठोक्यांसाठी लागणाऱ्या आखूड चौकटी वापरायच्याच नाहीत, असा त्याचा खाक्या होता.

मागणी मात्र तुफान होती. १९९७ मध्ये विनॲम्प हा संगणकावरचा प्लेअर आला. १९९८ मध्ये डायमंड कंपनीचा 'रिओ' हा खिशातला प्लेअर आला. त्याची स्मृती ३२ एमबी, म्हणजे १२८ किलोबिटने जेमतेम अर्धा तास संगीत. १९९९ मध्ये गाण्यांच्या फाइली एकमेकांना द्यायची नॅप्स्टर ही सेवा आली. आपल्याकडे ही लाट सीडीवरून आली. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि गावोगावच्या फुटपाथवर शंभर-दीडशे गाण्यांच्या एमपीथ्री सीडी विकायला बसल्या. सातशे एमबीच्या चकतीवर १२८ ने बारा तास मावतात, हे गणित त्यामागे होतं. त्या गाण्यांच्या झांजा पाण्यात बुडवल्यासारख्या का वाजतात, हे विचारायला कोणी दुकानदाराकडे परत जात नसे. चकतीवर 'सीडी क्वालिटी' असं छापलेलं असे आणि तो विषय तिथेच मिटे.

माइक चेंगच्या पहिल्या लेमबद्दल दर्जाच्या तक्रारी आल्या. त्याने ८हर्ट्झचा पाया सोडला आणि थेट डिस्ट१० वर नव्याने काम सुरू केलं. दुसऱ्या लेमचंही उद्दिष्ट वेगाचंच होतं. आवाज मुळात आहे तसा राहू द्यायचा आणि नुसती गती वाढवायची. माझ्या दृष्टीने हा टप्पा दिसतो त्याहून महत्त्वाचा आहे. दर्जा सुधारायचा म्हणजे एक बदल करायचा, एन्कोड करायचं, ऐकायचं आणि पुन्हा बदल करायचा. एका गाण्याला अर्धा तास लागत असेल तर असे फेरे कोण घालणार? वेग आला तेव्हा प्रयोग परवडू लागले. चेंग थोड्याच काळात नेतृत्व सोडून 'टूलेम'कडे वळला. टूलेम मानकाच्या दुसऱ्या थराचा, म्हणजे डिजिटल रेडिओ-दूरदर्शनात चालणाऱ्या एमपीटूचा, एन्कोडर होता.

लेम आला मार्क टेलरकडे. १९९९ मध्ये लेम ३.० बाहेर पडला, आणि त्यात टेलरने लिहिलेलं 'जीसायको' हे नवं श्रवणप्रारूप होतं. श्रवणप्रारूप म्हणजे एन्कोडरच्या आत बसवलेला कान. या क्षणी या पट्ट्यात किती खरखर खपून जाईल, हे ते सांगतं. टेलरने उघडच जाहीर केलं होतं की फ्राउनहोफरच्या एन्कोडरची बरोबरी करायची आहे. नुसता वेग हे उद्दिष्ट संपलं.

टेलरने काय बदललं, हे जरा थांबून पाहण्यासारखं आहे.

एमपीथ्रीची एक चौकट ११५२ नमुन्यांची, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांची. ती दोन अर्ध्यांत विभागलेली आणि प्रत्येक अर्ध्यात ५७६ कंप्रता. एवढ्या बारीक विभागणीमुळे बासरीसारखा सलग स्वर फार स्वस्तात लिहिता येतो. पण चौकटीच्या मध्यावर अचानक ठोका पडला तर? ठोकळ केलेल्या आकड्यांची खरखर सगळ्या चौकटीभर पसरते, म्हणजे ठोक्याच्या आधीच्या शांततेतही. कान ठोक्याआधीचे थोडेच मिलिसेकंद माफ करतो. त्याहून आधीची खरखर 'फुस्स' अशी ऐकू येते. याला प्री-एको म्हणतात. त्यावरचा उपाय मानकातच आहे. अशा वेळी एका लांब चौकटीऐवजी तीन आखूड चौकटी वापरायच्या, म्हणजे खरखर ठोक्याला चिकटून राहते. पण आखूड चौकटींना बिट जास्त लागतात. म्हणून त्या केव्हा वापरायच्या, हा निर्णय नेमका असावा लागतो. डिस्ट१० एका आकड्यावर विसंबून तो निर्णय घेई, आणि पुष्कळदा चुकवी.

हे तपासायचा नमुना जगभर एकच मानला गेला होता: कॅस्टानेट. स्पॅनिश नर्तकी बोटांत धरून वाजवतात त्या लाकडी वाट्या, आपल्या चिपळ्यांच्या जातीच्या. टक्‌ असा आवाज, आणि पुढे-मागे शांतता. डिस्ट१० मधून काढलेल्या कॅस्टानेटला प्रत्येक टक्‌च्या आधी श्वास सोडल्यासारखा आवाज येई. टेलरने ठोका ओळखायची पद्धत दुरुस्त केली आणि अशा क्षणांना जास्त बिट मिळतील अशी सोय केली. एमपीथ्रीत बिटांची एक शिल्लक ठेवता येते. सोप्या चौकटींत वाचलेले बिट पुढच्या अवघड चौकटीला वापरता येतात. ही शिल्लक नीट खर्च करायला नमुना कोड शिकलेला नव्हता.

दुसरी दुरुस्ती त्याहून रंजक वाटते. एन्कोडरच्या पोटात दोन फेरे एकात एक चालतात. आतला फेरा आकडे किती ठोकळ केले म्हणजे बिटांच्या मर्यादेत बसेल, ते पाहतो. बाहेरचा फेरा कुठल्या पट्ट्यात खरखर कानाला जाणवेल इतकी झाली, ते पाहून त्या पट्ट्याला झुकतं माप देतो आणि आतल्या फेऱ्याला पुन्हा कामाला लावतो. एका पट्ट्याला दिलं की दुसऱ्याचं कमी होतं. डिस्ट१० हे फेरे घालत राही आणि जिथे थांबेल तिथला निकाल लिहून टाकी. प्रत्यक्षात पाचव्या फेऱ्याचा निकाल नवव्यापेक्षा चांगला असू शकतो. लेमने प्रत्येक फेऱ्याचा निकाल तोलायचा आणि त्यातला सर्वांत चांगला जपून ठेवायचा, असा शिरस्ता घातला. सांगायला गेलं तर ही साधी गोष्ट आहे. पण 'सर्वांत चांगला' कशाला म्हणायचं? मर्यादा ओलांडणारे पट्टे सर्वांत कमी असलेला, की एकूण खरखर सर्वांत कमी असलेला, की सर्वांत वाईट पट्टा सर्वांत कमी वाईट असलेला? यावर लेममध्ये पुढे कित्येक वर्षं प्रयोग चालले. याचं उत्तर गणितातून निघत नव्हतं.

तिसरी गोष्ट जॉइंट स्टिरिओची. डाव्या आणि उजव्या चॅनेलमध्ये पुष्कळ काही सारखं असतं. म्हणून दोघांची बेरीज आणि वजाबाकी लिहिली तर बिट वाचतात, आणि ऐकताना दोन्ही चॅनेल जसेच्या तसे परत मिळतात. या रूपांतरात मुळात काहीच हरवत नाही. पण काही एन्कोडरांनी हे काम इतकं वाईट केलं होतं की 'जॉइंट स्टिरिओ म्हणजे भेसळ' हा समज पक्का बसला. लेमने हा बदल चौकटीगणिक, विचार करून केला. तरी पुढची अनेक वर्षं लोक हट्टाने तो बंद करत, आणि त्यामुळे स्वतःच्याच फाइली थोड्या वाईट करून घेत.

मे २००० पर्यंत डिस्ट१० चा शेवटचा तुकडाही बदलून झाला. लेम आता दुसऱ्याच्या कोडवरचं ठिगळ राहिला नाही. नाव मात्र तेच राहिलं, आणि एन्कोडर नसल्याचा दावा नावातच अडकून पडला. पेटंटांमुळे प्रकल्पाने नेहमी फक्त सोर्स कोड वाटला. तयार, चालवायचा कार्यक्रम इतर लोक बनवत आणि ठेवत.

आता काम कानांचं होतं. आवाजाबद्दल बोलणाऱ्यांत ठाम मतांची कधीच टंचाई नसते. कोणाला २५६ ला 'मोकळेपणा' ऐकू येई, कोणाला १९२ ला 'ऊब' गेलेली जाणवे. काहीजण तर ऐकण्याऐवजी पाहत. फाइलीचा कंप्रतांचा आलेख काढायचा, १६ किंवा १९ किलोहर्ट्झच्या वर काळोख दिसला की एन्कोडर वाईट. लेम कमी बिटरेटला वरच्या कंप्रता मुद्दाम कापतो, कारण बहुतेकांना जे ऐकूच येत नाही त्यावर खर्च झालेले बिट खाली, गाण्याच्या अंगातून वजा होतात. आलेखावर हा शहाणपणा नुकसानीसारखा दिसतो.

या गोंगाटावर उतारा होता आंधळ्या चाचणीचा. मूळ आवाज 'ए', एन्कोड केलेला 'बी', आणि 'एक्स' या दोघांपैकी एक, कोणता ते संगणकालाच माहीत. ऐकणाऱ्याने एक्स कोण ते ओळखायचं, आणि हे पुन्हा पुन्हा करायचं. सोळा वेळांपैकी बारा वेळा बरोबर आलं तर तो निव्वळ नशिबाचा खेळ असण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत येते. त्याखाली असाल तर तुमच्या 'ऊब' शब्दाला लेमच्या वर्तुळात किंमत राहिली नाही. शिस्त कठोर होती, पण तिच्यामुळेच तक्रार उपयोगी पडू लागली. 'आवाज ठीक नाही' याचं काय करायचं हे कोणत्याच प्रोग्रामरला कळत नाही. 'या गाण्याच्या या सेकंदाला झांजेआधी फुस्स होतं, सोळापैकी पंधरा वेळा ओळखलं' याचं काय करायचं, ते कळतं. एन्कोडरला हमखास अडकवणाऱ्या अशा आवाजांचा साठा हळूहळू जमला. त्यात कॅस्टानेट होते, हार्पसिकॉर्ड होता, टाळ्यांचा कडकडाट होता, आणि फॅटबॉय स्लिमच्या एका गाण्यातला यांत्रिक कापरा आवाजही होता.

आपल्या संगीताचा विचार केला तर तानपुऱ्यावर पडलेली तबल्याची थाप ही या मंडळींच्या साठ्यात शोभली असती. तानपुऱ्याच्या सलग झंकाराला लांब चौकट हवी, थापेला आखूड. दोन्ही एकाच क्षणी हवं असतं आणि एन्कोडरला एकच निवडता येतं.

ठराविक बिटरेटचा हट्ट सोडला तर हा पेच सैल होतो. एमपीथ्रीत प्रत्येक चौकट स्वतःचा बिटरेट निवडू शकते, ३२ पासून ३२० किलोबिटपर्यंत. मग बिट ठरवून दर्जा कसाही येऊ देण्याऐवजी, दर्जा ठरवायचा आणि बिट लागतील तेवढे घ्यायचे. यालाच व्हीबीआर म्हणतात. टेलरने एक पद्धत लिहिली आणि रॉबर्ट हेगेमानने दुसरी. पुढे दोघांच्या मिश्रणातून तिसरी झाली, तिच्या नावात दोघांची आद्याक्षरं होती. टाकेहिरो टोमिनागाने वेगावर आणि बिट मोजण्याच्या बारकाव्यांवर काम केलं. नाओकी शिबाताने दुसरं श्रवणप्रारूप लिहिलं. त्यात ठोका ओळखायला आवाजाची वरची पट्टी गाळून घेतली जाई, तिचे छोटे तुकडे पाडले जात आणि एका तुकड्याहून पुढच्यातली ऊर्जा एकदम उसळली का, हे पाहिलं जाई. आधीच्या आकड्यांच्या आडवळणापेक्षा हे सरळ होतं, आणि पुढे लेमने तेच पत्करलं.

व्हीबीआरने एक जुनी गाठही वर आणली. एमपीथ्रीत कंप्रतांचे २१ पट्टे असतात आणि प्रत्येकाला आपला वेगळा गुणक असतो, कमी-जास्त झुकतं माप देण्यासाठी. पण सुमारे १६ किलोहर्ट्झच्या वर जो भाग उरतो त्याला गुणकच नाही. तिथली खरखर कमी करायची तर एकच मार्ग, सगळ्या आवाजालाच जास्त बारीक मोजायचं. म्हणजे ज्या टोकाला क्वचितच काही ऐकू येतं, त्याच्यासाठी सगळी चौकट फुगते. चकचकीत झांजांच्या रॉक संगीतात या एका पट्ट्यापायी फाइली अकारण जड होत. लेमला 'वाय' नावाचा एक स्विच मिळाला, त्याचा अर्थ 'त्या पट्ट्याचं फार मनावर घेऊ नकोस'. मानकाच्या १९९२ मधल्या एका निर्णयाची किंमत दशकभरानंतर कोणीतरी अशी फेडत होतं.

पण एवढे स्विच झाले की नेमके कोणते लावायचे? लेम वापरणारे एकमेकांना लांबलचक आज्ञा पाठवू लागले, आणि त्यातल्या अर्ध्या दर्जा बिघडवणाऱ्याच होत्या. हे संपवलं 'डिब्रॉम' या टोपणनावाने काम करणाऱ्या एका तरबेज कानाच्या माणसाने. इतरांच्या मदतीने, अवघड नमुन्यांवर पुन्हा पुन्हा चाचण्या घेऊन त्याने काही तयार मेळ बसवले आणि त्यांच्यासाठी कोडच्या आतही फेरफार केले. डिसेंबर २००१ च्या ३.९० आवृत्तीत 'ऑल्ट-प्रीसेट स्टँडर्ड' आलं. सरासरी १९० किलोबिटच्या आसपास, आणि बहुतेक लोकांना बहुतेक संगीतात मूळ सीडीपासून वेगळं ओळखता येणार नाही असं. वापरणाऱ्याने दुसरं काहीच लावायचं नाही. २००३ च्या सुरुवातीला टेलर बाजूला झाला आणि तेव्हापासून प्रकल्प दोन-तीन जणांनी सामाईक चालवला. पुढे प्रीसेटांची नावंही मागे पडली आणि 'व्ही ०' ते 'व्ही ९' ही साधी पट्टी राहिली.

या मंडळींतला गॅब्रिएल बुव्हिन्य हा फ्रेंच माणूस लेमच्या प्रमुखांपैकी एक. त्याच्याच नावावर 'शाइन' नावाचा दुसरा एक एन्कोडर आहे. शाइनमध्ये श्रवणप्रारूप नाही, म्हणजे आतला कानच काढून टाकलेला. कोड छोटा आणि स्वच्छ, पुढे तो पूर्णांकांच्या गणितावरही आणला गेला, त्यामुळे दशांशाचं गणित न झेपणाऱ्या छोट्या प्रोसेसरवर तो आनंदाने धावतो. बोलण्याच्या ध्वनिमुद्रणाला तो पुरतो. संगीतावर कमी बिटांत चालवला की लेमने वीस वर्षं कशावर घालवली, ते समजतं.

या इतिहासात एक प्रकरण असं आहे की कोणी कथेत लिहिलं असतं तर बेतलेलं वाटलं असतं. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही संगीत सीडी संगणकात घातल्या की त्यातून एक नक्कलविरोधी कार्यक्रम गुपचूप संगणकात उतरत असे. तो स्वतःला दडवून ठेवी, म्हणून मोठा गदारोळ झाला. त्या कार्यक्रमाची चिरफाड करणाऱ्यांना त्यात लेमच्या कोडच्या खुणा सापडल्या. लेम फुकट आहे, पण त्याच्या परवान्याच्या अटी आहेत, आणि त्या पाळल्या गेल्याचं दिसत नव्हतं. संगीताची नक्कल रोखायला निघालेल्या उत्पादनावर नक्कल केल्याचा आरोप आला, तोही अशा कोडची, जो लिहिणाऱ्यांना काही वर्षांपूर्वी परवान्याच्या पत्रांची धास्ती होती.

२३ एप्रिल २०१७ ला फ्राउनहोफर आणि भागीदारांचा एमपीथ्रीचा परवाना कार्यक्रम संपला. पेटंटांची मुदत संपली होती. कित्येक वृत्तपत्रांनी 'एमपीथ्री मेलं' अशा बातम्या दिल्या. घडलं होतं ते नेमकं उलटं. आता ते कोणीही कोणालाही न विचारता वापरू शकत होतं. फेडोरासारख्या लिनक्स वितरणांनी इतकी वर्षं एमपीथ्री एन्कोडर बाहेर ठेवला होता. मे महिन्यात त्यांनी तो आत घेतला. ऑक्टोबरमध्ये लेम ३.१०० आला. त्यानंतर कित्येक वर्षं नवी आवृत्ती आली नाही.

करायचं फारसं उरलंही नव्हतं. काही कॅस्टानेट आजही ३२० किलोबिटला, लेमच्या सर्वांत काळजीपूर्वक मेळावर, सरावलेला कान ओळखतो. त्यात एन्कोडरचा दोष नाही. एमपीथ्रीची आखूड चौकटही त्या ठोक्यासाठी लांबच आहे, आणि वरच्या पट्ट्याला गुणक कोडमधून देता येत नाही. हे दोन्ही १९९७ मध्ये आलेल्या एएसी या नव्या पद्धतीने सुधारलं. तिच्या आखूड चौकटी त्याहून आखूड आहेत आणि गुणक वरच्या टोकापर्यंत आहेत. मात्र त्यासाठी डिकोडर नवा लागला.